नाटकाच्या ऑफिसात वायर आली

मास्तर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि इतक्या दिवसांनी लिहायला बसले ती इंटरनेटबद्दल. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतं, ते काय असते, आणि मी सांगायला लागले की अर्ध्यातच म्हणाला असतात, बरं, चहा ठेव. आता मधेच थांबवणारं कोणी नाही, म्हणून सगळं नीट सांगून घेते.

आपल्या नाटक कंपनीचं बुकिंग ऑफिस अजून वडशातच आहे, त्याच रस्त्यावर, त्याच पत्र्याखाली. तुमच्यानंतर विंगेतून प्रॉम्प्टिंग मी करते आणि मालकांचे गुडघे गेल्यापासून ऑफिसही मीच बघते. दोन्ही बाजूंना दुसऱ्या कंपन्यांची ऑफिसं आहेत आणि त्यांचे लोक आपल्या दारातल्या चपला मोजत असतात, तेही तसंच चालू आहे. दिवाळी जवळ आली की गावोगावची मंडळं नाटक ठरवायला येतात आणि आल्या आल्या एकच विचारतात, नायिका कोण? बाकीचे आपण सगळे पोस्टरात खाली, बारीक अक्षरात. तर आपली नायिका लग्न होऊन नागपूरला गेली. तिनं यंदा सांगून टाकलं की प्रयोगाला येईन, पण तालमीसाठी रोज वडशाला येणं जमायचं नाही. मोबाइलवर समोरासमोर बसून तालीम घेता आली तर ठीक, नाहीतर शेजारच्या कंपनीत तशी सोय आहे म्हणतात. म्हणजे नेट धड घेतलं नाही तर नायिका शेजारी जाणार आणि तिच्यामागोमाग सगळा सीझन. ऑफिसात तोवर नेट म्हणजे माझा मोबाइल, आणि तोही खिडकीच्या गजाला बांधला तरच चालायचा.

मग नेटवाल्यांना बोलावलं. दोघं आले. एक कंपनीचा एजंट, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याचं नेट हवेतून येणार, टॉवरवरून थेट ऑफिसात ठेवायच्या डब्यात. दुसरा आपल्याच मागच्या गल्लीतला केबलवाला. त्याचं नेट वायरीतून, आणि ती वायर खांबावरून चिंचेवर, चिंचेवरून आपल्या पत्र्यावर. एजंटनं मोबाइलवर काटा फिरवून दाखवला आणि म्हणाला, मॅडम, असा स्पीड अख्ख्या वडशात कुणाकडे नाही. केबलवाल्याकडे काटाबिटा काही नव्हता. तो म्हणाला, चालून गेलं तं चालते. ऑफिसात लगेच दोन पक्ष पडले. सगळी तरुण मंडळी हवेच्या बाजूनं, मेकअपवाले काका वायरीच्या बाजूनं, कारण केबलवाला त्यांच्या साळ्याचा जावई. मला कोणाचंच कळेना. शेवटी म्हटलं, दोघांनीही आपापला डबा लावून दाखवा, तालीम करू आणि बघू.

तेव्हा तुम्ही आठवलात. मला तो दिवस अजून दिसतो. मी नवीन आहे, विंगेत तुमच्या शेजारी बसलेय, आणि रंगमंचावर नट अडकलाय. मी घाबरून त्याचं वाक्य इतक्या जोरात सांगते की ते आधी प्रेक्षकांना ऐकू जातं, मग त्याला. तो ते म्हणायला तोंड उघडतो तेवढ्यात पुढे बसलेली एक बाई म्हणते, आयकलं आमी, पुढचं सांग. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तुम्ही स्टोव्हवर चहा उकळत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "वाक्य फेकाचं नसते बाई. त्याचा श्वास पाह्याचा अन् त्या श्वासात नेऊन ठेवाचं. उशीर झाला, तं ते वाक्य नाई, नुसता आवाज आहे." मी रडायला लागले तर तुम्ही कागदाच्या पुडीत ज्येष्ठमध बांधून दिलंत. घसा जपायचा असतो, एवढंच म्हणालात. मला तेव्हा तुमचा राग आला होता, आणि ज्येष्ठमध मी त्याच दिवशी संपवलं.

तर आधी हवेचा डबा. प्रवेश बाप-लेकीचा. बापाची कामं करणारे आपले भाऊ तुम्हाला माहीत आहेत, तालमीतसुद्धा खरे अश्रू काढतात. त्यांनी मोबाइलसमोर उभं राहून विचारलं, पोरी, जेवलीस का? पलीकडे नायिकेचा चेहरा स्वच्छ, कानातले डूलसुद्धा दिसत होते, पण उत्तर नाही. भाऊंना वाटलं, तिनं वाक्य गाळलं. कसलेला नट, सांभाळून घ्यायला त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, "मला न विचारता तू त्या पोराशी लग्न केलंस?" आणि तेव्हा नागपूरहून गोड आवाज आला, "हो बाबा, पोटभर." भाऊ भूमिकेतून बाहेर आले ते थेट खुर्चीवर. एजंट म्हणाला, चित्र बघा ना किती क्लिअर आहे. चित्र होतंच क्लिअर. त्यानं मला एक इंग्रजी शब्दही समजावला, पण मला कळलं ते एवढंच की यालाच तुम्ही उशीर म्हणत होतात. तेवढ्यात डबा बंद पडला. कंपनीला फोन लावला तर तिकडची मुलगी म्हणाली, लाइनवर राहा. आपल्याकडे लाइन म्हणजे वीज, आणि वीजच गेली होती. काका शांतपणे फोनवर म्हणाले, लाइनच नाई, तं लाइनवर कशे राहू?

दुसऱ्या दिवशी वायर. चित्र जरा धुरकट, डूल दिसेनात. तोच प्रवेश. भाऊंनी विचारलं, तिनं उत्तर दिलं, ते रागावले, ती दचकली, जिथल्या तिथे. मग उंबरठ्यावरच्या लांब भाषणात ती अडकली. मी तिचा श्वास बघितला आणि मोबाइलजवळ तोंड नेऊन हलकेच पुढचे दोन शब्द ठेवले. तिनं ते तिथेच उचलले, मान वर केली आणि अशी बोलत गेली की भाऊंना आपलं रडण्याचं काम विसरून नुसतं ऐकावंसं वाटलं. संपल्यावर ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "बाई, तुमी कानातच बसल्या होत्या माह्या. यंदा मी कुठी नाई जात." मला इतका आनंद झाला की मी मेकअपवाल्या काकांना त्यांच्या साळ्याच्या जावयासकट नमस्कार केला.

केबलवाल्यानं कायमचा डबा बसवला तो तुमच्या फोटोखाली, कारण खिळा तिथेच होता. बसवता बसवता त्यानं भिंतीकडे मान करून विचारलं, नाव काय? मला वाटलं, फोटोबद्दल विचारतोय. म्हटलं, मास्तर. त्यानं ते मोबाइलमध्ये टाकून दिलं. प्रत्येक डब्याला आपलं एक नाव द्यावं लागतं, हे मला संध्याकाळी कळलं, जेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर तुमचं नाव झळकायला लागलं. बदलून देतो म्हणाला होता, मीच राहू दे म्हटलं. आता ऑफिसात दिवसभर तुमचीच चर्चा. मास्तर आज हळू चालून राह्यले. मास्तरले एकडाव बंद करून चालू करा. चिंचेवर वांदरं फार, ती वायरीला झोके घेतात, म्हणून तुमची तब्येत अधूनमधून बिघडते. परवा कुरखेड्याकडचं मंडळ बुकिंगला आलं होतं. त्यांच्यात एक म्हातारे गृहस्थ होते, तुमच्या वेळी नाटकं ठरवायला येणारे, मधली सगळी वर्षं इकडे न फिरकलेले. चहा चाललेला, आणि आतून आवाज आला, मास्तर गेले. म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला, टोपी काढली आणि मला विचारलं, कवा गेले? काकांनी सांगितलं, आत्ताच. आजारी होते का? नाई हो, वांदरानं वायर तोडली. म्हातारा टोपी हातात घेऊन बाहेरची चिंच बघून आला. मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा हसला, आणि तुमच्या फोटोला हात जोडून नाटक पक्कं करून गेला.

हे पत्र कुठे जाणार नाही, टेबलाच्या खणातच राहील. म्हणून एक सांगून टाकते. कोणी मास्तर गेले म्हटलं की मी अजून हातातलं काम टाकून तुमच्या फोटोकडे बघते. सवय होईल वाटलं होतं, झाली नाही. पण थोड्या वेळानं डब्यावरचा हिरवा दिवा लागतो आणि आतलं कोणीतरी अगदी सहज, मान वर न करता म्हणतं, आले, मास्तर आले. ते ऐकायला मिळावं म्हणून कधी कधी वायर चांगली असतानाही मीच गुपचूप डब्याचं बटण बंद करते.