ओकाबे आजोबांची गाय

हिगाशी-कसाई, टोकियो
ऑगस्ट २००४

तीर्थरूप बाबांना विश्वजितचा साष्टांग नमस्कार. (खरोखर घातला. आमच्या खोलीत साष्टांग घालायचा तर पाय बाल्कनीत जातात, तेवढं गोड मानून घ्यावं.) तुमचा गुडघा कसा आहे? चारुता बरी आहे, मी बरा आहे. आई तर इतक्या ठणठणीत आहेत, की त्यांच्या ठणठणीतपणापायीच हे पत्र लिहावं लागतंय.

गेल्या महिन्यात इथे ओबोन झाला. म्हणजे आपला पितृपक्षच म्हणा, फक्त इथले पितर कावळ्यावर न भागवता थेट घरी मुक्कामाला येतात. त्यांना आणायला काकडीचा घोडा (लवकर पोचावेत म्हणून) आणि परत पाठवायला वांग्याची गाय (रेंगाळत जावेत म्हणून). काड्यांचे चार पाय टोचले की झालं वाहन. हे ज्ञान तेव्हा आमच्या घरात फक्त चारुताला होतं आणि ती नेमकी जपानीच्या क्लासला गेली होती.

आमच्या शेजारी ओकाबे-सान म्हणून सत्तरीच्या बाई राहतात. यजमान हिवाळ्यात गेले, म्हणजे हा त्यांचा पहिलाच ओबोन. बाईंनी दाराबाहेर तबकात घोडा आणि गाय मांडून ठेवली होती. आता आई आल्यापासून या दोघींची देवाणघेवाण जोरात आहे (एकीला फक्त जपानी येतं, दुसरीला फक्त मराठी, त्यामुळे गप्पांत खंड पडत नाही). चकली गेली की टोफू येतो. तेव्हा तबक दिसताच ते आपल्यासाठीच, हे आईंनी ठरवून टाकलं. काड्यांचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं: भाजताना फुटू नये म्हणून वांगं टोचून ठेवलंय, बाई सुगरण दिसते! आईंनी गाय गॅसवर भाजली, घोडा चोचवला, आणि शेजारणीचं तबक रिकामं कसं परत करायचं म्हणून त्यात अर्धं भरीत घालून, वर कोथिंबीर पेरून, होतं तिथेच नेऊन ठेवलं.

उरलेलं भरीत मी ऑफिसातून आल्यावर मिटक्या मारत खाल्लं. बोटं चाटतोय तोच बेल वाजली. दारात तबक घेतलेल्या ओकाबे-सान आणि त्यांच्यामागे क्लासहून आलेली चारुता. तिनं तबकात पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि सगळा प्रकार मराठीत समजावून सांगितला, तेव्हा माझ्या पोटात गाय हंबरली. आजोबा आदल्या दिवशीच घोड्यावरून येऊन पोचले होते. आता परत जाणार कशावर? माझं जपानी सगळं ऑफिसातलं. सर्व्हर बंद पडल्यावर ग्राहकाला म्हणतो तेच वाक्य मी कमरेत वाकून म्हटलं, की कारणांचा सखोल शोध घेऊन असा प्रकार पुन्हा घडणार नाही याची दक्षता घेऊ. आणि चपला घालून नवं वांगं आणायला निघालो.

ओकाबे-साननी माझी बाही धरली. "राहू दे," त्या म्हणाल्या (चारुतानं सांगितलं). "जन्मभर हा माणूस घाईत होता. गेलासुद्धा घाईतच. वाहनच नाही म्हटल्यावर थांबेल की चार दिवस." आणि तोंडावर हात ठेवून हसल्या, हसता हसता रडायलाच लागल्या. आईंना एक अक्षर कळलं नव्हतं, तरी त्याही रडू लागल्या. मलाही भरून आलं बाबा, खोटं कशाला सांगू! मग ते भरीत आजोबांच्या फोटोपुढे ठेवलं. (जरा तिखट झालं होतं, पण आजोबांची तक्रार नाही.)

इकडची सगळी मंडळी तुम्हाला नमस्कार सांगतात, ओकाबे आजोबांसकट.

तुमचा जावई,
विश्वजित

ता. क. : आजोबांना असं अडकवून ठेवणं बरं नव्हे, म्हणून पितृपक्षात आपल्या पद्धतीनं पान वाढून त्यांना निरोप द्यायचं आईंनी कबूल केलंय. (इथले कावळे कोंबडीएवढे आहेत, कचऱ्यावर जाळी घालावी लागते. पान शिवायचं राहील ही भीती नाही.) त्यासाठी आईंचं परतीचं तिकीट ऑक्टोबरात ढकललं आहे. जपानी माणसाचं गोत्र काश्यप धरलं तर चालेल का, हे भानुदास गुरुजींना विचारून कळवावं.

ता. क. २ : हे वाचून तुम्ही चिडाल (तिकिटावरून, गोत्रावरून नव्हे). पण पत्राचं खरं कारण पुढेच आहे. दर रविवारी फोनवर तुम्ही आईंना हिंगाची डबी कुठे आहे ते विचारता. त्या प्रसंगानंतर आई सकाळपासून फोनजवळ बसतात आणि फोन झाला की गप्प गप्प असतात. एकदा नुसतं "कधी येतेस?" एवढंच विचारा ना, बाबा. हिंगाची डबी फडताळात चहाच्या डब्यामागे आहे. म्हणजे आता तुम्हाला विचारायला दुसरं काही उरलेलं नाही.