बॉल लागला का न्हाय

सोमवार, ता. ३
पहिला आला तो टॉवेल कारखान्यातला सिद्राम. पाळी सुटल्यावर सरळ हितंच. त्याच्या मागं त्यांचा बोलर इरण्णा, मग सगळी क्रिकेटची टीम. थोरलीच्या लग्नानंतर एवढी माणसं घरात आजच! कप पुरले न्हाईत, दोघांना वाटीत चहा. मला बरं वाटलं. पण आलेले भांडायला.

काल एमआयडीसीच्या मैदानात टॉवेलवाले आन् चादरवाले यांची मॅच. अंपायर आमचे हे. शेवटाला चादरवाल्यांच्या अंबादासच्या बॅटला बॉल चाटून मागं सिद्रामच्या हातात गेला म्हणे. सगळी टीम आउट म्हणून वरडली. ह्यांनी बोट वर केलं न्हाय. टॉवेलवाले हरले.

सिद्राम म्हणाला, "आबा, जन्म चादरीच्या मागावर काढला तुमी. तिकडंच ओढ असणार की."

 पुढच्या मॅचला दुसरा अंपायर बघतो म्हणून गेले सगळे. रात्री ह्यांच्या ताटात भाकरी तशीच.

मंगळवार, ता. ४
बॉल चाटल्याचा आवाज असतो तरी केवढा? बघावं म्हटलं. हे पेपर वाचत बसलेले. मागं उभी राहून लाटण्यावर लिंबू आपटलं. टक्. मान हलली न्हाय. परत टक्. न्हायच. मग लिंबू निसटून कॉटखाली गेलं, ते काढताना कंबर धरली. तेवढं मात्र ह्यांना दिसलं, "काय करतीस गं?"

मागाच्या खडखडाटात उभं आयुष्य गेलं. घरात आमी सगळीच वरडून बोलतो, म्हणून कधी कळलं न्हाय. आता कुणाला सांगावं तर अंपायरकी कायमची जाती. न सांगावं तर बाजू घेतली हे नाव राहतंय...

लिंबाचं सरबत केलं.

बुधवार, ता. ५
सिद्राम आन् इरण्णा आले. अंपायरचा पांढरा कोट न्यायला. ह्यांनी घडी करून हातात दिला आन् म्हणाले, "बाजू घेतली न्हाय मी. आवाजच आला न्हाय. कान गेलेत माझे."

"आँ?" सिद्राम.

ह्यांनी परत सांगितलं, वरडून.

सिद्राम हसायलाच लागला. "आबा, आमाला तरी कुटं ऐकू येतंय? आमी बी मागावरलेच की!"

माझ्यानं राहवलं न्हाय. "मग आउट हाय हे तुला कळलं कसं रे?"

"इरण्णा वरडला म्हणून मी वरडलो, आजी."

इरण्णा उठूनच उभा राहिला. "मी? तू उडी मारलास म्हणून मी वरडलो!"

मग ऐकलं कुणी? दोघं एकमेकाकडं बघत बसले. मला लई हसू.

सिद्राम म्हणाला, "अंबादासलाच इचारू. बॅट त्याच्या हातात होती."

हे म्हणाले, "खरं सांगील?"

 चहा दोनदा झाला. कोट न्यायचा राहिला, कॉटवरच हाय. शुक्रवारी अंबादासला घेऊन येतो म्हणालेत.