भिंतीपलीकडचं बटन

आबा, तुमचा टेस्टर आज ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवलाय. त्याचा दिवा आता लागत नाही. केडगावच्या या खोलीत बसून मी जे काम करते ते तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते.

एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जुना संगणक आहे. उसाच्या ट्रॉल्यांचे नंबर त्याच्या घड्याळावर लागतात. त्यातल्या एका जुन्या प्रोग्रामने त्या घड्याळाला हात लावू नये, एवढी व्यवस्था मला करायची होती. घड्याळाकडे जायचा जो ठरलेला मार्ग असतो, त्याला आम्ही पोर्ट म्हणतो, तो मी त्या प्रोग्रामपुरता बंद केला. तरी वेळ बदलली. जुन्या मशीनमध्ये त्याच घड्याळाकडे कधी कधी दुसऱ्या पोर्टवरूनही जाता येतं, आणि ते कुणी सांगून ठेवलेलं नसतं. साहेब म्हणाले, "शंका येईल ते सगळे पोर्ट बंद कर आणि मोकळी हो." माझा हात थांबला.

अकोले तालुक्यातल्या आपल्या घराच्या वाटण्या झाल्या, मध्ये भिंत आली, थोरल्या काकांचा मीटर वेगळा झाला. त्यानंतरची ती संध्याकाळ, स्वयंपाकघरातला बल्ब उडालाय. मी आपल्या बाजूचं बटन बंद करून होल्डरकडे हात नेते आणि तुम्ही माझं मनगट धरता. "बटन बंद केलं म्हंजी वायर मेली, हे कुनी सांगितलं तुला?" तुम्ही टेस्टर लावता. त्याचा दिवा लागतो. जुनी वायर भिंतीपलीकडून अजून येतच होती.

"मग पलीकडचा मेन स्विच ओढू का?" मी विचारते.

"वढ की. तिकडं तुझ्या काकूची गिरण चालू हाय. दळण मधीच अडकलं की तूच जा काढायला."

तुम्ही भिंतीशी जाऊन हाक मारता, "वहिनी, तुमच्याकडचं एक बटन बघायचंय."

"दळण हुईस्तोवर दम धरा भावजी. अंधारात घास काय नाकात जात न्हाई."

आपण थांबतो. गिरण बंद झाल्यावर काकू एकेक बटन खाली करतात, तुम्ही टेस्टरकडे बघता, आणि लगेच म्हणता, "आता व्हतं तसं करा." एका बटनाला टेस्टर विझतो.

मी साहेबांकडे एक दिवस मागितला. ते म्हणाले, तू फार घाबरतेस. खरं आहे. मी आधी सगळ्या संशयित पोर्टवरून नुसतं वाचलं. जिथे घड्याळासारखंच उत्तर आलं, तिथेच पुढे गेले. घड्याळाजवळच्या छोट्या मेमरीतला बिनवापराचा एक आकडा ठरलेल्या पोर्टवरून बदलला, दुसऱ्यावरून तो बदललेला दिसतो का ते बघितलं आणि लगेच होता तसा केला. हे सगळं आज दुपारी काट्यावर जाऊन केलं. बाहेर ट्रॉल्यांची रांग होती. काटेवाले म्हणाले, "ताई, काटा बंद पडला तर भाईर तुमीच जायचं बरं का." चोरवाट सापडली, ती बंद केली. बाकीच्यांतला एक पोर्ट खुद्द काट्याचं वजन त्या प्रोग्रामला देणारा निघाला. सरसकट बंद केले असते, तर रांग तिथेच अडली असती.

साहेबांना हे कळवलं. पुढचं त्यांना सांगण्यासारखं नाही. माझ्या शेजारचा फ्लॅट कधीपासून रिकामा आहे. तरी इथे फ्यूज काढायच्या आधी मी त्या भिंतीवर टकटक करते, आणि थोडा वेळ थांबते.