लांब झालेला परकर

भंडारा, शुक्रवार

प्रिय ललिता,

तुला आणि भोजराजजींना आम्हा दोघांचा सप्रेम जयभीम. लाखांदूरला धानाची कापणी आटोपली असेल, तुझी पाठ दुखत असेल आणि तू ते कुणालाही सांगत नसशील, असे धरून चालते. तू एसटीने परत पाठवलेला परकर मिळाला. सोबतची चिठ्ठीही मिळाली. 'लांब शिवला, पायात येते. ताई, तुयं माप आता चुकून राहिलं.' चाळीस वर्षे शिवणयंत्र चालवणाऱ्या थोरल्या बहिणीला इतक्या प्रेमाने कुणी लिहीत नाही. उपकृत झाले.

तुला कळवले नव्हते, पण माझा डावा हात प्लास्टरमध्ये आहे (उजवा शाबूत असल्याने हे पत्र तुला भोगावे लागते). मी काही मोठा पराक्रम केला नव्हता. अंगणात पाय घसरला, हात टेकला, मनगट मोडले. एवढ्याने मोडायला नको होते, म्हणून डॉक्टर तृप्तीबाईंनी हाडांची घनता मोजायला लावली. कागद पाहून त्यांचा चेहरा असा उतरला, की मीच त्यांना धीर दिला.

त्यांनी समजावले ते असे. आंबागडला बाबा दर उन्हाळ्यात घरावरची कवेलू फेरायचे, आठवते ना? एक टोळी जुनी कवेलू उतरवायची, दुसरी मागोमाग नवी बसवायची. हाडातही म्हणे जन्मभर तेच चालते. उतरवणाऱ्या पेशी रक्तातून येतात. आधी बारीक, गरीब बिचाऱ्या. मग पाच-दहा जणी एकमेकींत मिसळून एकच धिप्पाड पेशी होते, एका अंगात दहा डोकी (आपल्या घरी लग्नाच्या बैठकीत चार डोक्यांचे जमत नाही, यांच्यात मात्र वाद म्हणून नाही). ती हाडाला चिकटते, आम्ल सोडते, हाड विरघळवून खड्डा पाडते आणि पुढे सरकते. हिला बोलावते कोण? तर बसवणारी टोळीच! पाळी होती तोवर शरीरातले एक संप्रेरक मुकादमासारखे या उतरवणाऱ्यांना आवरून धरत होते. पाळी गेली, मुकादमही निवृत्त झाला. आता उतरवणे जोरात आणि बसवणे सरकारी गतीने.

हे ऐकून आमच्या अश्वजितच्या बाबांनी (जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात तेहतीस वर्षे काढलेली, उपाय दुसरा कुठला सुचणार?) विचारले, "ह्या पेशी सगळ्याच उडवून टाकता येत नाही काय?" डॉक्टर म्हणाल्या, मग जुने हाड तसेच साचत जाते, दिसायला भरीव आणि मोडायला सोपे. काही मुलांची हाडे जन्मतःच तशी असतात. तेव्हा कुठे स्वारीने बेत मागे घेतला.

मला आठवड्याला एक गोळी दिली आहे. ती हाडात जाऊन बसते. खोदणाऱ्या पेशी हाडाबरोबर तीही गिळतात आणि सुस्तावतात. घ्यायची उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. आमच्या साहेबांनी अर्थ लावला, बसायचेही नाही. सलग पाच मंगळवार मी दाराची चौकट धरून उभी आणि हे खुर्चीत, नजर घड्याळावर. "काहून टेकली? दहा मिनटं बाकी आहेत!" काल डॉक्टरांना सांगितले तर त्या हसून म्हणाल्या, अहो, बसलेले चालते. हे मुळीच ओशाळले नाहीत. "उभं राहून नुकसान तं नाही झालं नं!" नुकसान माझ्या गुडघ्यांना विचारावे.

असो. तब्येतीला जप असे तुला सांगून उपयोग नसतो, म्हणून सांगत नाही.

तुझी
सुमनताई

ता.क. परकर टेपने तीनदा मोजला. अश्वजितच्या लग्नात तुला शिवून दिला होता, बरोबर त्याच मापाचा आहे. तो तेव्हा तुझ्या घोट्याच्या वर राहायचा. माझे माप चुकलेले नाही, ललिता. तू उंचीने दोन बोटे कमी झाली आहेस.

आणखी ता.क. आईचे लुगडेही शेवटी शेवटी असेच पायात यायचे. रोवणी करकरून म्हातारी वाकली म्हणत आपण दोघी हसायचो. मग ती ओसरीवर पडली, खुबा मोडला आणि त्या खाटेवरून उठली नाही. मला भीती वाटते.

शेवटचा ता.क. येत्या मंगळवारी तुझ्या नावाने डॉक्टरांकडे नंबर लावला आहे. पहिल्या एसटीने ये. परकर मी आखूड केलेला नाही, करणारही नाही. बसलेले चालते हे आता कळले आहे, तरी या मंगळवारी तू दिसेपर्यंत मी दारात उभीच राहणार आहे.