वाचले असे समजावे

२१ जुलै २०२५
मासिक सभा. अध्यक्षस्थानी मी. कागदावर सरपंच आमच्या सौ. वर्षाराणी, कारण जागा महिला राखीव. पण खुर्चीत मी बसतो. गाडीच्या काचेवर ‘सरपंच’ हे स्टिकरही मीच लावलं.
‘शासन परिपत्रकांचे वाचन’ हा विषय आला की ग्रामसेवक सतीश म्हणतो, वाचले असे समजावे. सगळे माना डोलावतात आणि चहा येतो. तिकडे शासन जीआरवर जीआर काढतंय आणि इथे ही मंडळी बशीत फुंकर घालतात. अडाणी गाव.
आज कडक ठराव घेतला: यापुढे एकही परिपत्रक वाचले असे समजू नये, शब्दन् शब्द वाचावे. सूचक म्हणून सौ.चं नाव घातलं, कारण मी सदस्य नाही. क्षुल्लक तांत्रिक बाब.

२९ जुलै
जीआर अपडेटचे सगळे व्हॉट्सॲप ग्रुप जॉइन केले. युसूफ वडगावच्या बाजारात हॉटेलवर चार लोकांना पंचायतीचे नवे नियम समजावले. एकेक करत उठून गेले. लोकांना ज्ञान पचत नाही.
संकल्प: रोज सकाळी आधी जीआर, मग चहा.

३० जुलै
आधी चहा घेतला. जीआर फार लांब होता.

११ ऑगस्ट
नवीन परिपत्रक आलं. सतीशने ते माझ्या हातात न देता सौ.च्या हातात दिलं. मुजोर माणूस. विषय: महिला पदाधिकाऱ्यांच्या कामकाजाबाबत. मी विषयावरूनच मजकूर ओळखतो. शिलाई मशीन वाटप असणार.
सौ.ने मात्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, “हे एवढं एक राहू द्या. वाचलं असं समजू.”
हसू आलं. म्हटलं, सरपंच असून स्वतःचा ठराव माहीत नाही?
“ठराव माहीत हाय मला. कागद तुमाला माहीत न्हाई.”
बायकांचं बोलणं असंच अर्धवट. ग्रामसभेत माइकवरून मीच वाचणार.

१५ ऑगस्ट, दुपार
झेंडा झाला, ग्रामसभा भरली. गर्दी बरी होती. पहिलं वाक्य खणखणीत वाचलं: महिला पदाधिकाऱ्यांचे पती व नातेवाईक यांनी पदाधिकाऱ्यांच्या खुर्चीत बसू नये.
दुसरं वाक्य जरा हळू वाचलं. त्यांनी सभेच्या कामकाजात भाग घेऊ नये, असं काहीतरी होतं.
मग माइक खराब आहे म्हणालो. सतीशने टिचकी मारून पाहिली. चांगला होता. मी म्हटलं, उरलेलं वाचले असे समजावे.
बंकट विरोधी पॅनलचा. मागून ओरडला, “कामून रं? आताच कामून समजावं?”
लोक लई हसले. शुद्ध गाढवं. मी सौ.कडे पाहिलं. ती कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत. मग उठली आणि म्हणाली, “ठराव हाय. सूचक मी हाय. पुढं वाचा.”
सगळं वाचलं. खाली ‘प्रत माहितीसाठी सादर’ होतं, तेसुद्धा बंकटने वाचायला लावलं. लाज वाटली. ऊन फार होतं, त्यानेही असेल.

१६ ऑगस्ट
सौ.शी बोलणं बंद. तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

२१ ऑगस्ट
मासिक सभा. मी बाहेर ओसरीवर, चपलांपाशी. देखरेख दुरूनच नीट होते. ओसरी कार्यालयात मोडते का, यावर जीआर शोधतोय.
आत सौ. परिपत्रकं वाचत होती. आवाज मोठा आणि स्पष्ट. कोणी मधे बोलत नव्हतं. माझ्या वेळी बोलायचे.
शिपाई म्हाळू चहाचा ट्रे घेऊन माझ्यासमोरूनच आत गेला. परत येताना त्याला विचारलं, माझा?
म्हणाला, “सभेपुरताच हाय, आण्णा. तुमी घेतला असं समजा.”