कोरी कॅसेट

शनिवार, ता. १४
दुपारचे चार

साडूबुवांस,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे ठीक. तुमच्या थोरल्या मेहुणीबाईंचा गुडघा जिने चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. माझा चष्मा बदलला. दुकान मी आता सकाळचं दोनच तास उघडतो. घड्याळं कोण दुरुस्त करून घेतंय हल्ली! पण दोघी बहिणींचा रोज फोन असतो, तेव्हा या सगळ्या बातम्या तुमच्याकडे शिळ्या होऊनच पोचलेल्या असणार. आपण दोघांनी बोलणं टाकलं तरी आपल्या घरांनी टाकलेलं नाही, हे एक बरं आहे.

मागच्या महिन्यात दवाखान्याच्या पायऱ्यांवर तुम्ही समोरून आलात आणि मी छत्री उघडून तोंडापुढे धरली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. तुम्हीही मान वळवून भिंतीवरचं लसीकरणाचं पत्रक वाचत राहिलात. दोन म्हातारे, सहा महिन्यांचा अबोला, आणि मध्ये एक छत्री. घरी येऊन मला हसूही आलं आणि लाजही वाटली.

मंडळाचं सांगतो. वाचनालयाच्या वरची खोली आहे तशीच आहे. खिडकीची कडी अजून लागत नाही. शनिवारी दोन वाजता टेलर मास्तर, नर्सबाई आणि मी जमतो. वाचनालयातल्या लोकांना अजून वाटतं की आम्ही वर पत्ते कुटतो. परवा एकाने विचारलंच, "आजोबा, कोण जिंकतंय?" मास्तर म्हणाले, "किल्लेदार जिंकतोय, आम्ही मरतोय."

तुम्ही नसल्यामुळे वेळ झाली हे सांगायला कोणी नाही. तुमचा तो कंडक्टरकीतला तिकिटं टोचायचा चिमटा वाजला की वीस मिनिटं संपली, खेळाचं यंत्र पुढच्याच्या हातात. आता मी घड्याळ बघून सांगतो, तर मास्तर म्हणतात, "दादा, तुमचं घड्याळ पुढे आहे." माझं घड्याळ! पन्नास वर्षं हाच धंदा केलेल्या माणसाचं!

तुम्हाला माहीत असलेलंच मी का उगाळतोय, असं वाटेल. पण जे लिहायचं आहे ते याच वाटेने येतं, म्हणून वाचा.

भंगारातून आलेले ते चार व्हिडिओ गेम, हातात धरून खेळायचे, मी उघडून, पुसून, तारांना सोल्डरचा डाग देऊन चालते केले होते. हिरवट पडदा, पेन्सिल सेल, दोन लाल बटणं. शाळा माझी सातवीत सुटली, पण जी वस्तू स्क्रूने बंद होते ती आपलं दुखणं मला आपण होऊन सांगते. यंत्रं चार झाली, पण चालणारी खेळाची कॅसेट एकच निघाली: दिवा घेऊन निघालेला तो वाटसरू आणि त्याचे सात किल्ले. म्हणून तर आपलं मंडळ जमलं. एकाने खेळायचं आणि तिघांनी खांद्यावरून वाकून न मागितलेले सल्ले द्यायचे. कॅसेट एकेक महिना एकेकाच्या घरी राहायची. आणि नियम एकच होता, तोही तुम्हीच घातलेला. घरी नेलेली कॅसेट पुढे न्यायची नाही. सराव करायचा तर मागच्या किल्ल्यांत करा, पण जिथवर चौघं पोचलो तिथवरच वाटसरू पोचणार. तुम्ही म्हणाला होतात, "अख्खी बस पोचल्याशिवाय कंडक्टर उतरत नाही." मला ते इतकं आवडलं होतं की मी दुकानात येईल त्याला सांगायचो.

तीन वर्षं लागली आपल्याला सहा किल्ल्यांना. तीन वर्षं!

सातव्या किल्ल्यातला तो शनिवार. आत शिरलो, तर सात दारांची अंधारी खोली. मास्तरांनी चार दारं उघडली आणि चारदा मेले. नर्सबाईंनी दोन. माझ्या पाळीत उरलेलं सातवंही तसंच निघालं. मग यंत्र तुमच्या हातात आलं. तुमचा अंगठा थबकला नाही, साडूबुवा. एकाही दाराकडे गेला नाही. सरळ डावीकडच्या भिंतीकडे गेलात, भिंतीत शिरलात आणि पलीकडे निघालात. मास्तरांनी टाळी वाजवली. नर्सबाई म्हणाल्या, "वा कंडक्टर, बढती!" तुम्हीही डोळे मोठे करून म्हणालात, "अरेच्चा, इथून वाट आहे होय!"

मी आयुष्यभर लोकांच्या हातांकडे बघत आलोय. घड्याळ पाडून आणणारा आणि आपोआप बंद पडलं म्हणणारा, दोघांचे हात वेगवेगळे असतात. तुमचा तो अंगठा पहिल्यांदा त्या वाटेने गेलेला नव्हता.

तरी मी मनाला म्हटलं, असेल, योग असेल. जिथवर आलो तिथवर आपण ते राखून ठेवलं, पण पडदा लुकलुकला. कॅसेटमधला सेल म्हातारा झालाय, बदलू या, असं ठरलं. तो महिना तुमचा, म्हणून कॅसेट तुमच्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी तुम्ही ती मला आणून दिलीत. दारात उभ्याउभ्या चहा घेतलात. मी विचारलं, "भिंतीतून वाट आहे हे कसं हो कळलं?" तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणालात, "आंधळा डाव, दादा. लागला."

तुम्ही गेलात आणि मी कामाला बसलो. तुम्हाला ठाऊकच आहे, कॅसेटच्या पोटात एक बटण सेल असतो आणि आपण कुठवर आलो ते तोच धरून ठेवतो. तो काढला की सगळं पुसलं जातं. पण जुना काढायच्या आधी दुसरा सेल दोन तारांनी शेजारी जोडून ठेवला, तर आठवण क्षणभरही उपाशी राहत नाही. दुसरा सेल मी तारा लावून तयार ठेवला होता. डाग द्यायचं सोल्डरिंगचं हत्यार तापलं होतं.

तेवढ्यात आमची ही आतून फोन ठेवून आली, हसत. म्हणाली, "अहो, धाकटी सांगत होती, भाऊजींनी तो तुमचा खेळ संपवला म्हणे गेल्या आठवड्यात! घरात नुसता उत्सव. शेजारच्या दोघांना बोलावून दाखवलं. शेवटी म्हणे तो दिवा वर टांगतो आणि सगळ्या गावाच्या खिडक्या एकेक करून उजळतात. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही कधी बघितलंत? मला बोललात नाही ते!"

तीन वर्षं ज्या शेवटासाठी आम्ही पाठी मोडल्या, तो मला असा कळला. फोनवरून, तिसऱ्याच्या तोंडून, स्वयंपाकघराच्या दारात.

मी तिला म्हटलं, "हो, बघितलाय." ती आत गेली.

आता पुढचं वाक्य मी सात महिने पुढे ढकलतोय. आधी दोन वेळा हे पत्र इथपर्यंत आणून फाडलं.

तयार ठेवलेला दुसरा सेल मी बाजूला सारला आणि जुना तसाच उपसला. हात चुकला नाही, तार सुटली नाही. मी शांतपणे केलं, जसं रोज करतो तसं. मग नवा सेल बसवला, झाकण लावलं, चालू करून बघितलं. वाटसरू पहिल्या किल्ल्याच्या दाराशी उभा होता, दिवा विझलेला.

पुढचा शनिवार तुम्हाला आठवत असेलच. कोरी कॅसेट बघून नर्सबाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. मास्तरांनी मला विचारलं, "दादा, तुमच्या हातून?" आणि मी म्हणालो, "माझ्याकडे आली तेव्हाच कोरी होती." मास्तर तुमच्याकडे वळले. "कंडक्टर, रात्रभर तुमच्याकडे होती. काय केलंत हो?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी दुसरा सेल जोडून काम करतो हे तुम्ही शंभरदा बघितलेलं. तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं, नाही का? आणि मला कसं कळलं, तेही कळलं असणार.  टोपी घातलीत, चिमटा खिशात टाकलात आणि जिना उतरलात. मी खिडकीची कडी लावत बसलो. तेव्हा मला वाटलं, फिटंफाट झाली.

कसली फिटंफाट! तुमची चोरी आम्हा तिघांत वाटली गेली, माझी तुमच्या एकट्याच्या माथी गेली. सात महिने मास्तर काही हरवलं की म्हणतात, "कंडक्टरांकडे दिलं होतं का?" आणि मी त्यावर हसतोसुद्धा.

मी हे अजूनही दाबून ठेवलं असतं. पण नर्सबाईंचे हात कापायला लागलेत. आधी कपबशी वाजायची, आता बटणं चुकतात. ज्या बाईने चाळीस वर्षं शिरा शोधल्या, तिला लाल बटण सापडत नाही. डॉक्टरांनी नाव सांगितलंय त्या दुखण्याचं, त्या आम्हाला सांगत नाहीत, एवढंच म्हणतात, "औषधाने हळू चालेल, थांबणार नाही." आम्ही पहिल्यापासून सुरू केलंय ते अजून दुसऱ्या किल्ल्यात आहोत. पुन्हा तीन वर्षं त्यांच्या हातांकडे नाहीत. सात महिन्यांपूर्वी त्या शेवटच्या खोलीच्या उंबऱ्यावर होत्या. तिथून त्यांना मी मागे ओढलं. तुमच्या रागापायी, पण मी.

म्हणून आज दोन वाजता खोलीत मी दोघांना सगळं सांगितलं. तुमचंही आणि माझंही, या क्रमाने नाही, आधी माझं.

मास्तर बराच वेळ यंत्राची पिशवी शिवल्यासारखी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "दादा, कापड आपणच चुकीचं कापायचं आणि गिऱ्हाईक जाड झालं म्हणायचं, असलं मी कधी केलं नाही." एवढंच. पुढे तासभर माझ्याशी बोलले नाहीत. बरोबरच आहे.

नर्सबाई रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "कंडक्टरांना सातही किल्ल्यांची वाट माहीत आहे ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग तुम्ही दोघे भांडत काय बसलाय? माझे हात तुमच्या रुसव्यासाठी थांबायचे नाहीत. बोलवा त्यांना. घरी खेळू दे, दिवसभर खेळू दे, मला त्या भिंतीपर्यंत आणून सोडू दे. पुढचं मी बघते."

मी म्हणालो, "पण बाई, नियम..."

"नियम मोडून झालाय. निदान आता माझ्या उपयोगाला तरी येऊ दे."

तर साडूबुवा, ज्या गोष्टीसाठी मी तुमच्याशी बोलणं तोडलं, तीच गोष्ट करा म्हणून हे पत्र आहे. कॅसेट याच पाकिटात कापसात गुंडाळून ठेवली आहे. सेल नवा आहे, डाग पक्का आहे. एकट्याने पुढे न्या, तिघांची संमती आहे. भिंतीपलीकडे मात्र जाऊ नका. तिथून यंत्र नर्सबाईंच्या हातात द्यायचं, बटण चुकलं तरी त्यांचंच.

माफ केलं असं मी लिहिणार नाही. तुम्हीही लिहू नका, मला ते पचणार नाही. राग आहे तो आहे. पण तो कशाचा आहे हे मला आजवर धड सांगता आलं नव्हतं, तेवढं सांगून टाकतो. तुम्ही नियम मोडलात याचा तो नव्हता. माणसाला राहवत नाही, मलाही राहवलं नसतं कदाचित. तुम्हाला शेवट दिसला, घरात आनंद झाला, कोणाला तरी दाखवावंसं वाटलं, आणि तुम्ही शेजारच्यांना हाक मारलीत. दोन गल्ल्या पलीकडे मी होतो. चपला पायात न घालता आलो असतो.

का नाही बोलावलंत हो मला?

याचं उत्तर पत्राने नको. शनिवारी दोन वाजता जिना चढून या आणि तोंडाने सांगा. मास्तर माझ्याशी नीट बोलत नाहीत, तेव्हा खोलीत शांतता भरपूर आहे.

धाकटीला आशीर्वाद.

तुमचाच, आणि तुमच्याइतकाच खोटा,
थोरला साडू