शनिवारच्या परीक्षेआधी बाबाले

बाबा,

कोचीहून तुमच्या अल्काचा जयभीम. हे पत्र धाकटीले वाचाले द्या. साक्षी, हळू वाच, मधलं काही गाळू नको.

मी बरी आहो. इथं भात जाड असते, पोट भरते पण मन भरत नाही. मायचे गुडघे कसे आहेत? धानाची कापणी झाली का?

परदेशच्या नोकरीची इंग्रजी परीक्षा शनिवारी आहे. फोनवर म्हटलं होतं, मले भेव नाही. ते खोटं होतं. त्यात परीक्षक पेशंट बनते अन् आपण नर्स होऊन बोलाचं असते. काल सरावात इथल्या क्लासची मॅडम पेशंट झाली. म्हणे, इन्सुलिन नाही घ्याचं. मी सांगितलं, घ्याच लागते, नाहीतर पाय कापा लागेल.

इंग्रजी सारं बरोबर होतं, तरी मॅडमनं नापास केलं. म्हणे, "तू रागावली. पेशंटले काय वाटते, ते विचारलंच नाही." तिसऱ्यांदा हेच झालं. वॉर्डात पाच वर्षं मी अशीच बोलत आली. शनिवारी तोंडातून पुन्हा हुकूमच निघाला तर?

मंग आठवलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन करा म्हणून मी तुमाले अशीच रागावली होती. तुम्ही फोन ठेवून दिला.

म्हणून आता विचारून राहिली. बाबा, ऑपरेशनचं तुमाले कायचं भेव वाटते? साक्षीले सांगा, ती लिहून घेईल. या वेळी मी मधात बोलणार नाही.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
अल्का